आधी पोर्ट, मग लेन्स

आप्पांच्या दुकानात जळालेली मोटर घेऊन गेलात, तर पहिल्या पाच मिनिटांत मोटरचा निकाल लागतो आणि पुढचा पाऊण तास समुद्राचा असतो. करवंद नाक्याच्या बाजूला त्यांचं सबमर्सिबल पंपांच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर गंजके कॉलम पाइप, आत तांब्याच्या तारेचे गुंडाळे, भिंतीवर सप्तशृंगीचं कॅलेंडर आणि कॅलेंडरशेजारी एका काळ्या-पिवळ्या गोल वस्तूचा भलामोठा फोटो. शेतकरी तो बघून हळहळतात. "वाइंडिंग पुरती गेली दिसते," म्हणतात. ती वाइंडिंग नाही, कासवाचा डोळा आहे. त्याची हकिगत पुढे येईलच. आप्पांशी ओळख झालेल्या माणसाला ती चुकत नाही.

शिरपूरचा आणि समुद्राचा काय संबंध, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. आम्हाला आता पडत नाही. जवळात जवळचा समुद्र सुरतेकडचा, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, आणि तोही इतका गढूळ की आप्पा त्याला समुद्रच मानत नाहीत. मालवण साताठशे किलोमीटर. रेल्वे धरायची तर नरडाण्याला जायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो, डांबर चपलेला चिकटतं, सगळा गाव दारं लावून कूलरपुढे पडलेला असतो, आणि अशा वेळी भर दुपारी दोन वाजता आप्पा दुकानात आलेल्या माणसाला विचारतात, "तुम्ही वाईडवाले की मॅक्रोवाले?"

पाण्याखाली फोटो काढायचं हे वेड लागलं मालवणला. दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी घेऊन आप्पा कोकणात गेले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटवाले स्कूबा करवतात, पोहता येत नसलं तरी चालतं म्हणतात. आप्पांना पोहता येत होतं. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकलेलं पक्कं पोहणं. ते उतरले, मासे दिसले, हरखून गेले आणि आनंदाने त्यांनी अंगठा वर केला. सोबतच्या पोराने त्यांना ताबडतोब वर काढलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'छान चाललंय' म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. हे बोटीत नीट सांगितलं होतं. आप्पा तेव्हा टाकीच्या व्हॉल्व्हचे आटे मोजत होते. पुन्हा खाली गेले, पुन्हा हरखले, पुन्हा अंगठा. असं त्यांचं पहिलं स्कूबा हप्त्याहप्त्याने झालं.

संध्याकाळी बोटवाल्याने व्हिडिओ पाठवला. घरच्यांनी त्यात मासे बघितले, वहिनींनी आप्पांचं पोट बघितलं, आप्पांनी स्वतःचं मनगट बघितलं. नवरात्रात बांधलेला देवीचा लाल दोरा खाली काळपट दिसत होता. "लाल गेला कुठे?" बोटवाला म्हणाला, पाणी लाल खातं. आप्पा रात्रभर झोपले नाहीत आणि पहाटे त्यांनी वहिनींना उठवून सांगितलं, "अगं, आर फेज जातो!"

थ्री फेज लाइनला लाल, पिवळा, निळा अशा तीन तारा असतात. आर, वाय आणि बी. आप्पांचं म्हणणं, समुद्रालाही तेच. खाली जाताना पहिला आर जातो, पाचेक मीटरवरच त्याची रया जाते. मग नारिंगी, मग वाय. शेवटपर्यंत टिकतो तो बी, म्हणून खालचे फोटो निळे येतात. उपाय दोन. उथळ पाण्यात लेन्सपुढे लाल फिल्टर लावायचा, नाहीतर आपला उजेड आपण घेऊन जायचा, म्हणजे स्ट्रोब. "फिल्टर म्हणजे कमी व्होल्टेजवर भागवणं. स्ट्रोब म्हणजे घरचं जनरेटर." लोडशेडिंग भोगलेल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. मला विज्ञानाचा मास्तर असून कळायला दोन चहा लागले.

कोणती लेन्स चांगली, असं मात्र आप्पांना विचारू नये. त्यांच्या मते हा प्रश्नच उलटा आहे. "आधी पोर्ट, मग लेन्स," हे त्यांचं पालुपद. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर तो एका बंद पेटीत घालतात, ती हाउसिंग. लेन्सच्या पुढ्यात त्या पेटीला काचेची खिडकी असते, ती पोर्ट. खिडकी सपाट असली तर पाण्यातून आत येताना प्रकाश वाकतो; वस्तू तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते. ६० ची मॅक्रो ८० ची झाली, १०५ ची १४० ची झाली. नखाएवढा जीव टिपणाऱ्याला हे फावतं. पण ज्याला बुडालेल्या जहाजाचा सांगाडा एका चौकटीत हवा, त्याच्या वाईड लेन्सचा वाईडपणा इथेच संपतो. त्याला घुमटाकार काच हवी, डोम. डोमचीही एक खोड आहे. समोरचं अख्खं जग तो बारीक करून काचेपुढे वीत-दीड वीत अंतरावर आणून ठेवतो, आणि लेन्सला फोकस करावा लागतो तो त्या आभासी चित्रावर. ज्या लेन्सला जवळचं दिसत नाही ती लाखाची असो, डोममागे आंधळी. शिवाय चौकटीचे कोपरे फिसकटतात, म्हणून अॅपर्चर आठ-अकरापर्यंत बारीक करायचं, की उजेड कमी पडतो, की पुन्हा स्ट्रोब. असं हे फिरून फिरून खिशाला येऊन भिडतं.

खर्चाचा विषय निघाला की आप्पा आवाज खाली करतात, कारण पडद्यामागे वहिनी हिशेब लिहीत असतात. कॅमेऱ्यापेक्षा पेटी महाग, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि पेटी एकाच मॉडेलची. कंपनीने नव्या कॅमेऱ्यावर एक बटण दोन मिलिमीटर सरकवलं की जुनी पेटी डबा झाली. हाँगकाँगची नॉटिकॅम, अमेरिकेची इकेलाइट, जपानची सी अँड सी ही नावं आप्पा ज्या सलगीने घेतात, त्या सलगीने त्यांनी सख्ख्या साडूचंही नाव कधी घेतलेलं नाही. "मोटर बदलली तर स्टार्टर टाकून देतो का आपण? देतो का, मास्तर?" मी नाही म्हणतो. दर वेळी मलाच नाही म्हणावं लागतं.

दुकानात एक लांबडी वही आहे. पुढून उघडली तर गिऱ्हाइकांची उधारी, मागून उघडली तर आप्पांचा समुद्र. मागच्या पानांवर रकाने: लेन्स, पोर्ट, एक्स्टेंशन रिंग, वजन, भाव, आणि शेवटचा रकाना 'तरीपण'. या 'तरीपण'मध्ये आप्पांचं सगळं सुख आहे. निर्णय झाला की त्याच्या पुढे 'तरीपण' लिहून ते दुसरी लेन्स काढतात. एकदा वही मधूनच उघडली आणि वहिनींच्या नजरेला 'टोकिना १०-१७' पडलं. "हा टोकिना कुठला? थाळनेरचा का? दहा बाकी आहे की सतरा?" टोकिना ही जपानी लेन्स. १० ते १७ मिलिमीटरची फिशआय, पाण्याखालच्या लोकांची जुनी लाडकी. डोमच्या काचेला जवळजवळ नाक लावून फोकस करते. हे सगळं आप्पांनी समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि त्या नावापुढे लिहिलं, 'वसूल होणार नाही.'

अशी माणसं घरोघर असतात. कुणाच्या मामांना मिक्सर घ्यायचा असतो आणि ते चार वर्षं पाट्यावर वाटून खातात, कारण जारचं स्टील अजून पसंत पडायचं असतं. कुणाचा मेहुणा सह्याद्रीत जाण्यासाठी बुटांचे तळवे अभ्यासतो, अभ्यास पुरा होईतो गुडघा जातो. घेण्यापेक्षा निवडण्यात त्यांचा जीव जास्त रमतो. आप्पा त्यांच्यातलेच, पण त्यांना एक सबळ कारण सापडलेलं आहे आणि ते कारण खरंही आहे: पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही. पेटी एकदा बंद झाली की बंद. खाली कासव भेटणार की कोळंबी, हे ठरवायचं वर, कोरड्यात. "सगळा खेळ कोरड्यातला आहे, मास्तर. खाली काय, नुसतं बटण दाबायचं." आणि कोरड्याच्या बाबतीत शिरपूर कुणाला हार जाणार नाही.

कोरड्या हवेचा आप्पांना अभिमानही आहे. कोकणातल्या, मुंबईतल्या फोटोग्राफरांच्या लेन्सला बुरशी लागते. "आपल्याकडे मे महिन्यात बुरशीच उन्हाने मरते," ते सांगतात. पण बोटीवरच्या दमट हवेत पेटी बंद केली आणि ती गार पाण्यात गेली की आतल्या आत काचेवर बाष्प धरतं. त्यासाठी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. त्या पुड्या आप्पा बूटवाले, औषधवाले, बॅगवाले अशा सगळ्यांकडून मागून आणतात. निळे दाणे असलेली पुडी मिळाली तर आनंदीआनंद. ओल शोषली की ते गुलाबी होतात आणि भाजले की पुन्हा निळे. एका सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आल्या तर त्यांच्या कढईत काहीतरी गुलाबी तडतडत होतं. त्यांना आधी साबुदाणा वाटला. ती कढई आता दुकानात असते.

पाण्याखालच्या फोटोग्राफीच्या या घराण्याचा इतिहासही आप्पांना पाठ आहे, आणि तो ते गणपतीच्या आरासीत सांगतात. लुई बुताँ नावाच्या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये बान्यूल्सच्या समुद्रात कॅमेरा उतरवला. पेटी त्याच्या भावाने बनवलेली, एक्स्पोजर अर्ध्या-अर्ध्या तासापर्यंत. उजेड कमी पडला तेव्हा त्याने ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवला आणि त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी फुंकली. इथे आप्पा थांबतात आणि कौतुकाने मान हलवतात. भावाने घरच्या घरी बनवलेली पेटी, हा भाग त्यांना फार भावतो. पुढे कुस्तो आणि मंडळींनी पेटीशिवाय पाण्यात चालणारा कॅमेरा काढला, तो निकॉनने घेऊन १९६३ पासून 'निकोनॉस' म्हणून विकला, आणि २००१ मध्ये बंद केला.

असा एक नारिंगी निकोनॉस आप्पांकडे आहे, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला. त्याला १५ मिलिमीटरची लेन्स आहे. ही लेन्स पाण्याला अंग लागलं तरच नीट बघते. हवेत तिला काही धड दिसत नाही. म्हणजे शिरपुरात तिच्या उपयोगाची एकही गोष्ट नाही. कुणी म्हणालं, "आप्पा, त्या कॅमेऱ्याने आमचा एक फोटो काढा," तर आप्पा हताशपणे सांगतात, "तो कोरड्या माणसाला ओळखत नाही." सध्या तो बिलबुकावर वजन म्हणून बसतो. वाऱ्याने पावती उडत नाही, एवढं त्याचं श्रेय.

मोठी ट्रायल मात्र गावाने पाहिली. आमच्या तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या आखणीने आणि अमरिशभाई पटेलांच्या पुढाकाराने नाले खोल-रुंद झाले, बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली, 'शिरपूर पॅटर्न' बघायला राज्यभरातून माणसं येऊन गेली. विहिरींना पाणी चढलं. पाणी वर आलं की मोटरी कमी खोल सोडतात, पाइप कमी लागतात. पंपाच्या दुकानदाराने याबद्दल आनंद मानावा असं काही नव्हतं. आप्पांनी मानला. त्यांना ट्रायलची जागा मिळाली. हिवाळ्यात, गाळ बसल्यावर, एका बंधाऱ्यात ते पेटी घेऊन उतरले. काठावर माणसं जमली. "मोटर पडली का?" "कुणाची पडली?" "किती एचपीची?" आप्पा अर्ध्या तासाने वर आले. फोटोंत सगळीकडे पांढरे ठिपके. "बर्फ पडला वाटतं खाली," कुणी म्हणालं. पाण्यातल्या कणांवर स्ट्रोबचा उजेड सरळ पडला की ते चमकतात, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. म्हणून दोन्ही स्ट्रोब दोन हात पसरल्यागत दूर आणि लेन्सच्या जरा मागे ठेवायचे, कडेकडेचाच उजेड वस्तूवर पडू द्यायचा. हे आप्पा काठावर ओल्या अंगाने समजावत होते. ऐकणाऱ्यांपैकी एकाने फोटोत बोट घातलं. ठिपक्यांच्या आड एक लोखंडी तोंड दिसत होतं. त्याच्या पंपाचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, होता तो. तो काढून दिल्यापासून तालुक्यात आप्पांच्या कलेला मान आहे, पण त्यांच्या कॅमेऱ्याला लोक 'बोअरचा कॅमेरा' म्हणतात आणि दर उन्हाळ्यात भाड्याने मागतात.

आप्पांचा जुना ध्यास म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेलं प्रवाळांचं पठार. माथाच वीसेक मीटर खोल, नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. आप्पा एकदा फोनवर जोरात म्हणाले, "सगळं तिथंच आहे, आंग्रिया बँकेत! पूर्ण बुडालेली आहे!" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. रात्रीपर्यंत बातमी चोपड्याला सासऱ्यांकडे पोचली. खानदेशातल्या माणसाला बँक बुडाली हे पटवायला पुरावा लागत नाही. सकाळी सासरे हजर: "जावईबापू, ठेव किती होती? नॉमिनी कोण?" आप्पांनी नकाशा पसरून दाखवला. सासऱ्यांनी निळ्या पाण्यावर ठेवलेलं बोट बघितलं, म्हणाले, "इतक्या लांब ठेवायचे कशाला? इथे पोस्ट नाही का?"

आता ओ-रिंग. हा विधी बघायला मिळणं ही आप्पांची मर्जी. पेटीचे दोन भाग जिथे मिटतात तिथे खाचेत रबराचं एक कडं असतं. सगळा समुद्र बाहेर राहतो तो त्याच्या भरवशावर. आणि दर दहा मीटरला एक वातावरण वाढत जाणाऱ्या दाबाने उलट ते खाचेत आणखी घट्ट बसतं. पण एक केस अडकला की संपलं. आप्पा देवघरात बसतात, कारण घरात तेवढीच जागा रोज पुसली जाते. पंखा बंद. पोराटोरांना बाहेर. कार्डाच्या कडेने ओ-रिंग उचलायची, टोकदार वस्तू नाही. बोटांच्या चिमटीतून ती हळूहळू फिरवायची; डोळ्याला न दिसलेला कण बोटाला कळतो. मग सिलिकॉनचं ग्रीस, तुरीच्या डाळीएवढं, नुसती चकाकी येईल इतकंच. जास्त लावलं तर तेच कचरा धरतं. कापसाच्या हंगामात हा कार्यक्रम बंद असतो. जिनिंगकडून येणारे तंतू हवेत असतात, आणि पांढऱ्या सोन्याचा एक धागा दोन लाखांचा कॅमेरा बुडवू शकतो. नंतर पेटी रिकामीच, आत टिश्यू पेपर ठेवून, दुकानात मोटरी तपासायच्या टाकीत सोडायची. टिश्यू कोरडा निघाला की पेढे. सबमर्सिबलचं सील बसवण्यात आयुष्य गेलेला हा माणूस एवढ्या एका गोष्टीत कुणालाही ऐकणार नाही, आणि एवढ्या एका गोष्टीत त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

आप्पांच्या आईंना हे सगळं मान्य नाही. त्या अहिराणीतच बोलतात आणि एकदाच बोलतात. पहिली पेटी घरात आली तेव्हा म्हणाल्या, "पैसा पानीमा टाकस, आनि वरतीन त्याना फोटू काढस!" व्हेल शार्कबद्दल तेवढं त्यांचं मत चांगलं आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी हा अजस्र मासा मारत असत. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पुढे मोरारी बापूंनी तो माहेरपणाला येणारी लेक आहे असं सांगितलं, आणि कोळी स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले. आप्पांनी हे कौतुकाने सांगून आपण तिचा फोटो कसा काढणार ते सांगायला सुरुवात केली. आई म्हणाल्या, "लेक माहेरले उनी, आनि तू तिना फोटू काढस? तिले साडीचोळी कर!"

अंदमानला आप्पा गेले. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. रीतसर कोर्स केला, अठरा मीटरपर्यंतचं सर्टिफिकेट मिळवलं. ते दुकानाच्या परवान्याशेजारी लावलेलं आहे. पुण्याच्या एका डायव्हरकडून घेतलेला जुना निकॉन, त्याची पेटी, दोन पोर्ट, दोन स्ट्रोब, त्यांचे सांधेवाले दांडे, असं सगळं सामान. कपड्यांची बॅग वहिनींना दिली. विमानतळावर ते दांडे बघून जवानाने विचारलं, हे काय? आप्पांनी बॅकस्कॅटरपासून सुरुवात केली. मागची रांग दुसरीकडे वळवावी लागली.

डाइव्हच्या आदल्या रात्री निवासाच्या ओसरीवर दोन पोर्ट समोर मांडून आप्पा बसले. इन्स्ट्रक्टर म्हणाला होता, तिथे न्यूडिब्रँक दिसतात. नखाएवढी, रंगीत, समुद्रातली गोगलगाय. आप्पांनी १०५ ची मॅक्रो लावली, पेटी मिटली. सकाळी पंधरा मीटरवर एकही गोगलगाय नव्हती. कासव होतं. पाटाएवढं, प्रवाळ कुरतडत बसलेलं, माणसाची भीडभाड नसलेलं. आप्पा मागे सरकले तरी ते चौकटीत मावेना, आणि आणखी सरकले तर मधल्या पाण्याने सगळं निळं. जवळ गेल्याशिवाय रंग नाही, जवळ गेलं तर कासव नाही. शेवटी कासवाचा जेवढा भाग मावला तेवढा त्यांनी काढला. इन्स्ट्रक्टरच्या हातातल्या काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्यात अख्खं कासव आलं, शिवाय आप्पाही आले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी हट्टाने डोम लावला आणि एक बोटभर समुद्रघोडा ऐन नाकापुढे शेपटीने गवत धरून उभा राहिला. वाईड लेन्समध्ये तो जिऱ्याएवढा आला. जगभरचे डायव्हर हेच रडगाणं गातात, पण आप्पांना ते गाताना मी ऐकलेलं नाही. "पूर्ण कासव कोणीही काढतं," ते म्हणतात. "डोळा काढणारा दाखवा."

शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास तरी विमानात बसू नये असा नियम आहे. रक्तात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे त्यांना एक दिवस नुसतं थांबावं लागलं. वहिनींना तो दिवस सहलीत सर्वांत आवडला. कॅमेरा गोड्या पाण्यात भिजत पडला होता आणि आप्पांचे हात मोकळे होते.

मी तारकर्लीला जायचं ठरवलं तेव्हा साहजिकच आप्पांकडे गेलो. म्हटलं, पाण्यात चालणारा एखादा साधा कॅमेरा सांगा. त्यांनी माझा चष्म्याचा नंबर विचारला, श्वास किती धरतो ते विचारलं, उजवा-डावा विचारलं. वहीची मागची बाजू उघडली, बंद केली. ऑलिंपसची टीजी मालिका म्हणाले. तो खिशात मावतो, अगदी जवळचं बघतो, त्याची पेटीही परवडते. मग म्हणाले, लेन्सचा विचार करण्याआधी लाइट घे. मग म्हणाले, जवळ जा, आणि जवळ गेलास असं वाटलं की आणखी जवळ जा. तासाभराने चहा आला, आणि आप्पा एकदम म्हणाले, "नको. पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊच नकोस."

"का?"

"तू स्क्रीनकडे बघशील. पाय खाली जातील. प्रवाळावर बसतील. त्या मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये अभयारण्य केलंय, भो. प्रवाळ वाघाच्या यादीत आहे, पहिल्या अनुसूचीत. वाघाला लाथ मारशील का?" मग जरा थांबून, "आधी पाण्यात तरंगायला शीक. वर नाही, खाली नाही, मधे. ते जमलं की ये, मग बसू निवांत."

मी कॅमेरा न घेता गेलो. परत आल्यावर आप्पांनी मासे किती दिसले हे विचारलं नाही. "दृश्यमानता किती मीटर होती?" एवढंच विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

परवा दुकानात बसलो होतो. अर्थे गावाकडचा एक शेतकरी सकाळपासून बाकावर बसून होता, मोटर बोअरमध्ये अडकलेली. आप्पा मला नव्या डोमचं माहात्म्य सांगत होते. शेतकऱ्याने तीनदा खाकरून शेवटी विचारलं, "आप्पा, मन्ही मोटर कव्हय भेटी?"

"आलोच. मास्तरांना एवढं सांगतो. मुख्य मुद्दा काय, तर पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही."

"मोटरबी नही बदलता येस," शेतकरी म्हणाला. "वर काढनी पडस."

आप्पा गप्प झाले. वही मिटली, पाना उचलला, पायात चपला सरकवल्या. दारात जाऊन थबकले.

"किती फुटांवर आहे?"

"दोनशे."

"बोअर किती इंची?"

"सहा."

आप्पांनी कपाटातल्या डोमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आठ इंची जाणार नाही," ते म्हणाले. "मॅक्रोच न्यावी लागेल."